मी मोटार रंगवतो

‘रंग’ या शब्दाशी माझा संबंध वीस वर्षे केवळ वाक्प्रचारांपुरता होता. रंग चढणे, रंग उडणे, रंगाचा बेरंग होणे हे सारे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत त्यांचा वाक्यांत उपयोग करून दाखवतात. पण खराखुरा रंग, ज्याला वास असतो, जो नखांत जाऊन बसतो आणि जेवताना भाताबरोबर पोटात जातो की काय अशी शंका येते, तो रंग माझ्या आयुष्यात २०२५च्या उन्हाळ्यात आला. त्या वर्षी मी आमची मोटार घरच्या घरी, स्वतःच्या हाताने रंगवली. हे वाक्य लिहिताना मला जो अभिमान वाटतो आहे तो एम.ए.चा निकाल हाती आला तेव्हाही वाटला नव्हता.

मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. घरात आम्ही तिला ‘फियाट’ म्हणतो, कारण बाबा तसे म्हणतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या नमुन्यावरून या गाड्या बाहेर पडू लागल्या. नावे बदलत गेली, अकराशे डिलाइट झाली, प्रेसिडेंट झाली, १९७४च्या सुमारास पद्मिनी झाली. पण मराठी माणसाच्या तोंडी राहिली ती फियाटच. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३अखेर रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हा बाबांनी ती बातमी दोनदा वाचली आणि वर्तमानपत्राची घडी घालून म्हणाले, ‘‘आपली आहे अजून.’’

‘आहे’ हे क्रियापद बरोबर होते. ‘चालते’ असे काही ते म्हणाले नाहीत.

आम्ही जवाहरनगरचे. भंडाऱ्याहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर ठाणा लागते. तिथल्या पेट्रोल पंपामुळे सारा मुलूख त्याला ‘पेट्रोलपंप ठाणा’ म्हणूनच ओळखतो. तिथून आत वळले की जवाहरनगर. १९६४ साली इथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोवती ही वसाहत. बाबा १९६९ साली कारखान्यात लागले आणि २००७ साली निवृत्त झाले. फियाट त्यांनी १९८८ साली नागपुरात जुनीच विकत घेतली. त्या वेळी वसाहतीत दारात मोटार असणे ही केवढी गोष्ट होती हे आजच्या मुलांना सांगूनही पटत नाही. आमच्या दारात गाडी आली त्या दिवशी आईने तिला ओवाळले, नारळ फोडला, आणि शेजारच्या काकूंनी ‘आता तुम्ही कशाला आमच्याशी बोलाल!’ असे म्हणून पेढ्यांचा पुडा हातातून काढून घेतला.

आता या गाडीला रंग द्यायची बुद्धी मला का झाली ते सांगितले पाहिजे. ती मला झालीच नव्हती. ती आमच्या घरातील मंडळींना, म्हणजे सौ.ला, झाली.

२४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी कारखान्यात स्फोट झाला. आठ कामगार गेले. आमच्या खिडक्यांची तावदाने खडखडली, आणि बाबा हातातला चहाचा कप तसाच ठेवून उभे राहिले. निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षे झाली होती. गेलेल्यांपैकी कोणी त्यांच्या हाताखालचे असण्याचा संभव नव्हता. पण त्यांनी त्या दिवशी चप्पल घातली, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. त्यानंतर ते अंगणात बसेनासे झाले. रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकायची ही त्यांची अठरा वर्षांची रीत मोडली. दिवसभर आतल्या खोलीत, पंख्याखाली, भिंतीकडे पाहत. डॉक्टरांनी तपासून सारे ठीक असल्याचे सांगितले. मी कादंबऱ्या आणून दिल्या, त्या तशाच राहिल्या. मराठीच्या प्राध्यापकाचे औषध तेवढेच.

एप्रिलच्या अखेरीस सौ. म्हणाली, ‘‘अहो, मामाजींना बाहेर बसवायला काहीतरी निमित्त काढा. तुम्ही ती गाडी का नाही रंगवत?’’

‘‘मी?’’

‘‘तुम्हीच. रंगाऱ्याला दिली तर ते बाहेर येणार नाहीत. तुम्ही हात लावलात तर त्यांना आत बसवणार नाही.’’

बायकोला नवऱ्याच्या कर्तृत्वाविषयी इतकी अचूक कल्पना असते, हे तेव्हा कळले.

सुट्टी लागली त्या दिवशी मी शेडखालच्या गाडीवरचे आच्छादन काढले, बादली घेतली आणि धुवायला सुरुवात केली. दहा मिनिटांत आतून खोकल्याचा आवाज आला. पंधराव्या मिनिटाला बाबा दारात उभे होते. ‘‘साबणाने मेण निघत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आधी थिनरच्या फडक्याने पूस. नाहीतर रंगाला डोळे पडतील.’’ आणि खुर्ची मागितली.

‘डोळे पडणे’ हा वाक्प्रचार माझ्या यादीत नव्हता. पत्र्यावर तेलाचा किंवा पॉलिशचा अंश राहिला की वर मारलेला रंग तिथून बाजूला सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखी गोल खळी उरते. हे ज्ञान मला पुढे प्रत्यक्ष प्रयोगाने झाले, कारण बॉनेटचा एक कोपरा मी पुसायला विसरलो होतो.

माझी समजूत अशी होती की मोटार रंगवणे म्हणजे रंग लावणे. ही समजूत दूर करण्याचे काम भंडाऱ्याच्या एका वृद्ध उस्तादांनी केले. त्यांनी सारा जन्म ट्रक आणि मोटारी रंगवल्या. आता हात थरथरतो म्हणून गन सोडली. त्यांना मी रिक्षाने घेऊन आलो. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक केले आणि म्हणाले, ‘‘सर, रंग तं कोनीबी मारते. घासनं कोनाले जमत नाही.’’

त्यांची बोली आमच्या पूर्व विदर्भाची. ‘ण’ला तिथे थारा नाही. वर्गात मी प्रमाण भाषा शिकवतो. अंगणात मी ती विसरून शिकत होतो. उस्तादांचे प्रत्येक वाक्य मला टिपून ठेवावेसे वाटे. ‘‘कोरडा कागद खाते, ओला कागद घासते.’’ ‘‘हात नका पाहू सर, उजेड पाहा.’’ म्हणजे घासलेल्या पत्र्याकडे समोरून न पाहता तिरक्या उजेडात पाहायचे. समोरून गुळगुळीत वाटणारा पत्रा तिरका पाहिला की तलावासारखा हिंदकळतो.

तर घासणे. वॉटर पेपर नावाचा काळा कागद असतो. त्याच्या पाठीवर आकडा असतो. आकडा जितका लहान तितके त्याचे दात मोठे. ऐंशीचा कागद रंग ओरबाडून काढतो, दोनशेवीसचा त्या ओरखड्यांवर हात फिरवतो, चारशे, सहाशे असे करत शेवटी दोन हजारांचा कागद येतो, तो तर पत्र्याला घासत नाही, समजूत घालतो. मधला टप्पा गाळला की आधीचे ओरखडे रंगाच्या तळातून महिन्याभराने वर येतात. आळशी विद्यार्थ्याच्या पायाभूत चुका एम.ए.ला वर येतात तशा. सातव्या दिवशी माझ्या बोटांची कातडी इतकी पातळ झाली की मोबाईलला माझा अंगठा ओळखू येईना.

पण घासण्यात एक मौज आहे. वरचा फिकट हस्तिदंती रंग १९९६ सालचा. त्याखाली करडे अस्तर, त्याखाली निळा. हा निळा मी विसरलोच होतो! आई पुढच्या सीटवर, मी आणि ताई मागे, रामटेकच्या रस्त्यावर खिडकीतून बाहेर काढलेला माझा कोपर त्या निळ्या दारावर टेकलेला. निळ्याखाली पुन्हा अस्तर, त्याखाली मूळ मालकाचा कुठला तरी मळकट हिरवा, मग तांबडे अस्तर, आणि शेवटी पत्रा. घासलेल्या जागेभोवती हे सारे थर एकाभोवती एक अशा कड्यांनी उमटत. आमची कन्या आठवीत आहे. भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषा आधी तिलाच आठवल्या. बाबा खुर्ची पुढे सरकवून तो निळा पाहत राहिले. ‘‘तुझ्या आईने पसंत केला होता,’’ एवढेच म्हणाले.

मी लगेच निळा रंग द्यायचे ठरवून टाकले. पण मोटारीचा रंग ही खासगी बाब नाही. तो नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेला असतो, आणि बदलायचा तर आर.टी.ओ.ला कळवून नोंद बदलून घ्यावी लागते. बाबांनी १९९६ साली ती रीतसर बदलून घेतली होती. ‘‘राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘ती असताना बदलला, तिच्याच पसंतीने. हाही तिचाच आहे.’’ तेव्हा हस्तिदंती कायम झाला.

गंजाविषयी फार लिहीत नाही. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात, ती धुळीने बुजतात आणि पाणी आत साचून पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंगाचा एखादा फुगा दिसतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने टोचला की टोक आरपार जाते. दोन ठिकाणी वेल्डरकडून नवा पत्रा जोडून घ्यावा लागला. बाकीचा गंज तारेच्या ब्रशाने आणि फॉस्फरिक आम्लाच्या द्रावणाने मी काढला.

मग लांबी. मराठीत लांबी म्हणजे रुंदीची बहीण एवढेच मला ठाऊक होते. रंगाऱ्याच्या भाषेत लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा. मोटारीच्या लांबीत चिमूटभर हार्डनर मिसळावा लागतो, शंभराला दोन एवढाच. मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा तेवढा हार्डनरही जास्त होतो. पहिला गोळा मी अगदी मापाने मिसळला, पत्रीवर घेतला, गाडीपाशी गेलो, वाकलो, आणि पत्रीवर दगड! ती पत्री आजही आमच्या घरी दारात अडकवायला उपयोगी पडते. मग आम्ही पहाटे पाच वाजता लांबी भरू लागलो. बाबाही पाचला उठून खुर्चीवर. पहाटेचा गारवा, कन्येच्या हातात टॉर्च, आणि लिंबाएवढा लांबीचा गोळा. काकड आरतीला जमावे तसे आम्ही जमत होतो.

आता जे सांगायचे आहे ते माझ्या अंगाशी येणारे आहे.

उस्तादांनी एक युक्ती सांगितली होती. ‘‘चुंबक फिरवा. जिथं चिकटत नाही, तिथं पत्रा नाही, लांबी आहे.’’ कन्येने फ्रिजवरचा लोहचुंबक काढून आणला आणि ती गाडीभर फिरवू लागली. मी तिला हळूच सांगितले, मागच्या डाव्या मडगार्डवर तो चिकटणार नाही. तिने विचारले, कशावरून? मी म्हटले, सहज.

सहज नव्हते. फेब्रुवारी १९९९मध्ये, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, बाबा ड्यूटीवर गेलेले पाहून मी गाडी काढली होती. विचारले नव्हते. एका मित्राला आपण गाडी चालवतो हे दाखवायचे होते. गाडी मागे घेताना मी ती कडुलिंबाच्या बुंध्याला घातली. मडगार्डला ताटलीएवढा पोचा आला. घाबरून आम्ही दोघांनी दोन रंगांच्या कांड्या मळून होणारा तो लगदा आणला, पोच्यात थापला, सायकलच्या दुकानातून जवळपासच्या रंगाची डबी आणून ब्रशाने फासली, आणि गाडीची ती बाजू भिंतीकडे करून लावली. बाबांना काही कळले नाही. ते काही बोलले नाहीत, म्हणजे कळले नाही, असा हिशेब मी सव्वीस वर्षे बाळगून होतो. आणि लाज वाटून वाटून बोथट झाली होती.

कन्येने लोहचुंबक मडगार्डला लावला. टक् करून चिकटला. इंचभर सरकवला, चिकटला. सगळीकडे चिकटला.

मी कागद घेतला आणि घासू लागलो. हस्तिदंती गेला, अस्तर गेले, कागदाच्या जाडीएवढी लांबी गेली, आणि खाली सरळ, साफ पत्रा. माझा लगदा कुठेच नव्हता. मी डिकी उघडली, आतली चटई उचलली, बाजूचे पुठ्ठ्याचे आवरण सोडवले आणि टॉर्च मारला. आतल्या बाजूला हातोडीचे बारीक, एकसारखे ठसे होते, एकाशेजारी एक, कासाराने भांडे ठोकावे तसे. त्यावर तांबड्या अस्तराचा हात. आणि कोपऱ्यात, पांढऱ्या रंगाने, कारखान्यातल्या पेटीवर घालावी तशा ठाशीव आकड्यांत तारीख: १४-४-९९.

एप्रिल १९९९मध्ये मी परीक्षेसाठी नागपूरला होतो.

मी डिकीतून डोके बाहेर काढले. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. म्हणजे समोर धरून होते.

‘‘बाबा, हे मडगार्ड...’’

‘‘तुझ्या त्या लगद्याच्या कडेने पाणी आत जात होतं,’’ ते म्हणाले. ‘‘पावसाळ्यात सडलं असतं. म्हणून तू नसताना काढला.’’

‘‘मग तेव्हा बोलला का नाहीत?’’

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ‘‘तू सांगशील म्हणून थांबलो होतो. परीक्षा होईल, मग सांगेल. मग निकाल लागला. मग राहूनच गेलं.’’

मी काहीतरी बोलायला गेलो. वीस वर्षे वर्गात बोलण्याचे वेतन घेणाऱ्या माणसाला त्या वेळी एक वाक्य जमेना. शेवटी म्हटले, ‘‘चुकलं माझं. मीच घातली होती झाडाला.’’

‘‘ते झाडावरच्या रंगावरून कळलंच होतं,’’ बाबा म्हणाले. ‘‘घास तू. कडा राहिली आहे.’’

कन्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. तिने त्या दिवशी आईला काय सांगितले ते मी विचारले नाही; पण रात्री जेवताना सौ. मला वाढताना उगीचच हसत होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अस्तर मारून झाले आणि पाऊस आला. मी निश्चिंत. अस्तर आहे, आता चार महिने पडू दे पाऊस. शेडचा पत्रा गळतो हे मला ठाऊक होते, पण अस्तर हे संरक्षणासाठीच असते ना? ऑगस्टमध्ये पाहतो तो बॉनेटवर तपकिरी ठिपके. उस्तादांना फोन केला. ते हसून म्हणाले, ‘‘अस्तर म्हंजे छत्री नाही होय सर, बनियान होय. पानी पिते ते.’’ अस्तराला बारीक छिद्रे असतात. वरच्या रंगाचा हात पडेपर्यंत ते दमट हवा शोषून पत्र्यापर्यंत पोचवते. बॉनेट आणि छत पुन्हा पत्र्यापर्यंत घासावे लागले. मे महिन्यातले बारा दिवस असे वाया गेले. कॉलेजात मी अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासत होतो आणि घरी स्वतःचा पेपर पुन्हा सोडवत होतो.

सप्टेंबरअखेर पुन्हा अस्तर झाले. त्यावर उस्तादांनी काळ्या रंगाचा अगदी विरळ, धुक्यासारखा फवारा मारायला लावला. मी म्हटले, हे काय, आता तर कुठे गुळगुळीत झाले! ‘‘घासून पाहा,’’ ते म्हणाले. लाकडी ठोकळ्यावर कागद गुंडाळून घासू लागलो तर उंचवट्यावरचा काळा चटकन गेला आणि खोलगट जागी तसाच राहिला. हाताला न कळणारा खळगा डोळ्याला काळा ठिपका होऊन दिसला. किती साधी युक्ती! विद्यार्थ्यांवरही असा काही फवारा मारता आला असता तर परीक्षा घ्याव्याच लागल्या नसत्या.

प्रश्न उरला तो कोणता रंग वापरायचा याचा. हल्ली मोटारींना दोन भाग मिसळायचे रंग देतात. ते टिकाऊ, चकचकीत. मी तेच आणणार होतो. बाबांनी डब्यावरचे बारीक अक्षर भिंग लावून वाचले आणि डबा दुकानात परत पाठवला. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते; फवाऱ्याबरोबर ते छातीत गेले की दम्यासारखा विकार जडू शकतो, आणि साध्या मास्कने ते अडत नाही, बाहेरची हवा नळीने पुरवावी लागते. ‘‘ज्याच्याकडे ती नळी नाही त्याने हे अंगणात मारू नये,’’ बाबा म्हणाले. इतक्या ठाम आवाजात ते जानेवारीनंतर प्रथमच बोलत होते.

म्हणून जुन्या पद्धतीचा, ड्यूकोचा रंग ठरला. ड्यूको हे मुळात अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या रंगाचे नाव. त्याआधी मोटारी ब्रशाने व्हार्निश चढवून रंगवत आणि वाळण्यात आठवडे जात. १९२३-२४च्या सुमारास जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांना हा नवा रंग फवारला गेला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. हे मी वाचून ठेवले होते आणि बाबांना ऐकवून चकित करणार होतो. त्यांनीच मला चकित केले. ‘‘त्यात असतं काय, ठाऊक आहे? नायट्रोसेल्युलोज. कापूस.’’

कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज होते. त्यातल्या नायट्रोजनचे प्रमाण १३ टक्क्यांच्या वर गेले की ते गनकॉटन, तोफेच्या दारूचा कच्चा माल. १२ टक्क्यांच्या आसपास राहिले की ते थिनरमध्ये विरघळते आणि मोटारीचा रंग होते. पहिल्या महायुद्धात दारूसाठी उभे केलेले कारखाने युद्धानंतर रिकामे पडले, त्यांना हे रंगाचे काम मिळाले. एक टक्क्याचा फरक! बाबांनी हे मला पेरूच्या झाडाखाली बसून, बोटाने हवेत आकडे काढत समजावून सांगितले. नोकरीत असताना त्यांनी कारखान्यातली एक गोष्ट घरी काढली नव्हती. आई गमतीने म्हणे की यांना विचारले तर हे डबासुद्धा गुप्त ठेवतील. त्या संध्याकाळी मात्र ते तासभर बोलले. आत जाताना काडेपेटी कशी काढून घेत. खिळ्यांचे बूट कसे चालत नसत. कोरड्या हवेत कपड्याला कपडा घासला तरी ठिणगी पडू शकते म्हणून काय काय करीत. बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, ‘‘सगळं करूनही...’’ पुढे बोलले नाहीत. मीही विचारले नाही. काही वेळाने त्यांनीच विचारले, ‘‘कॉम्प्रेसर कुठे ठेवणार आहेस?’’

कॉम्प्रेसर भाड्याने आणला. बाबांच्या हुकुमाने तो शेडपासून लांब, कुंपणापलीकडे ठेवला, म्हणजे त्याच्या बटणाची ठिणगी फवाऱ्याच्या वाफेपर्यंत पोचू नये. वाळूच्या दोन बादल्या भरल्या. दिवाळी आठ दिवसांवर आलेली, सौ.ने तुळशीपाशी दिवा लावायला घेतला तो बाबांनी परसदारी लावायला लावला. आमच्या अंगणात त्या संध्याकाळी रांगोळी होती, पण दिवा नव्हता. शेजारच्या मुलांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितले, ‘‘दोन दिवस इकडे फटाके नकोत, मग मी आणून देतो.’’ फाटकाच्या बाहेर गेले हो! आम्ही दोघे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होतो.

काचा आणि टायर झाकायला जुनी वर्तमानपत्रे चिकटवली. हे काम एका तासाचे. मला चार तास लागले, कारण मी ती वाचत होतो. एक घडी पुरत नाही, रंग झिरपतो, दुहेरी लावावी लागते. म्हणजे वाचन दुप्पट.

आणि मग तो क्षण आला. तोंडाला मास्क, डोक्याला सौ.ची जुनी ओढणी, हातात गन. पत्र्यापासून वीतभर अंतर, हात सरळ रेषेत, आधीच्या पट्ट्यावर अर्धा पट्टा चढवायचा, पट्टा संपताना घोडा सोडायचा. उस्ताद खुर्चीवर, बाबा खुर्चीवर. दोन परीक्षक आणि एक उमेदवार. हात लांब गेला की रंगाचे थेंब हवेतच वाळून पत्र्यावर संत्र्याची साल उमटते. आम्ही नागपूरचे शेजारी. संत्रे आम्हाला नवे नाही, पण ते दारावर नको होते. हात जवळ गेला की ओघळ. मी दोन्ही केले. दुसऱ्या दिवशी सकाळी घाई केली, हवेत दमटपणा होता. थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर बाष्प बसते, आणि रंगावर पांढुरकी साय आली. उस्ताद म्हणाले, ‘‘ऊन येऊ द्या. रंगाले घाई नाही, तुमालेच आहे.’’ दुपारी वर नुसत्या थिनरचा एक हलका हात दिला आणि साय निघून गेली. चमत्कार वाटला. तो रसायनशास्त्राचा साधा नियम होता, पण मी कलाशाखेचा.

सगळ्यात मोठा ओघळ आला तो नेमका मागच्या डाव्या मडगार्डवर. करंगळीएवढा. मी गन खाली ठेवली. बाबा उठले, गुडघ्यावर हात टेकून हळूहळू जवळ आले, वाकून पाहिले. ‘‘आता हात लावू नकोस. वाळू दे.’’ पाडव्याला, मी उठण्यापूर्वी, ते एका पाटावर बसून हजाराच्या ओल्या कागदाने तो ओघळ घासत होते. शेजारी पाण्याचे भांडे, साबणाची वडी. सकाळभर त्यांनी कोणाला तिथे येऊ दिले नाही. दुपारी रबिंग लावून फडके फिरवले तेव्हा ओघळ कुठे होता ते मला सांगता येईना.

भाऊबीजेला ताई नागपूरहून आली. गाडी पाहून ती काही बोलली नाही; दारावर हात ठेवून उभी राहिली. मग बाबा पुढच्या सीटवर, मी चाकावर, ताई आणि कन्या मागे. इंजिन ताईच्या मुलाने ओळखीच्या मेकॅनिककडून आधीच चालू करून ठेवले होते. सौ. म्हणाली, मी ओवाळते आधी. दिवा पेटवला, बाबांनी तो हातभर लांब धरायला लावला.

‘‘कुठे जायचं?’’ मी विचारले.

बाबा म्हणाले, ‘‘गेटावरून घे.’’

जानेवारीपासून त्या रस्त्याने ते गेले नव्हते. मी गाडी हळू घेतली. फाटकापाशी पहारेकरी उभा होता, नवा, तरुण, ओळखीचा नव्हे. बाबांनी काच खाली केली, त्याच्याकडे पाहिले, त्यानेही पाहिले. गाडी पुढे गेली. ठाण्याच्या पेट्रोल पंपापाशी वळताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून दारावर बोट फिरवले, वरून खाली, पुन्हा वर.

‘‘इथं साल राहिली आहे,’’ ते म्हणाले. ‘‘रविवारी कागद भिजत घाल.’’